तो ‘फक्त चाहता’ होता!

परवा आमच्या अभ्यासिकेत एक प्रकार घडला. सामना हरल्याच्या रागात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने एका गोलंदाजाच्या बहिणीबद्दल अत्यंत घाणेरडा मजकूर लिहिला आणि दहा ठिकाणी पाठवला. आम्ही त्याला विचारले, “अरे, त्या बाईने तुझे काय घोडे मारले?” तो म्हणाला, “दादा, एवढं मनावर घेऊ नका. मी कॅप्टनचा कट्टर फॅन आहे. याच्यामुळे तो हरला, डोकं फिरलं.” बाकीची मुले हसली. विषय संपला.

आमच्यासाठी मात्र तो संपला नाही. हा मुलगा वाईट नाही. घरची परिस्थिती बेताची, आई धुणीभांडी करते, वाचनाची आवड आहे. फुले-आंबेडकर त्याने वाचले आहेत. तरीही ‘मी फॅन आहे’ एवढे तीन शब्द उच्चारले की आपण वाटेल ते करायला मोकळे, असे त्याला वाटते. आणि हसणाऱ्यांनाही तसेच वाटते, ही गोष्ट अधिक गंभीर आहे. म्हणून आज आम्ही त्या मुलांसाठी आणि त्यांच्यासारख्या सर्वांसाठी एक जुनी हकीकत सांगणार आहोत. ती जर्मनीतली आहे, टेनिसमधली आहे. पण तिच्यातला रोग आपल्या ओळखीचा आहे.

हॅम्बुर्ग, ३० एप्रिल १९९३

मोनिका सेलेस त्या वेळी १९ वर्षांची होती. युगोस्लाव्हियातील नोव्ही साद या गावी, हंगेरियन भाषक अल्पसंख्याक कुटुंबात तिचा जन्म झाला. वडील व्यंगचित्रकार. मुलीला टेनिसची गोडी लागावी म्हणून ते चेंडूवर चित्रे काढून देत. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९९० मध्ये, तिने फ्रेंच ओपन जिंकली. मार्च १९९१ मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली. विसावे वर्ष पूर्ण होण्याआधी तिच्या नावावर एकेरीची आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदे जमा झाली होती. तिच्याआधी १८६ आठवडे सलग पहिल्या क्रमांकावर होती जर्मनीची स्टेफी ग्राफ. ग्राफचा सलग ६६ सामने जिंकण्याचा धडाका सेलेसनेच मे १९९० मध्ये बर्लिनमध्ये, म्हणजे ग्राफच्या घरात मोडला होता.

त्या दिवशी हॅम्बुर्गमध्ये उपांत्यपूर्व सामना चालू होता. समोर बल्गेरियाची माग्दालेना मालीवा. सेलेस ६-४, ४-३ अशी पुढे होती. बाजू बदलण्याची विश्रांती झाली, सेलेस खुर्चीत बसली, पाणी पिण्यासाठी पुढे वाकली. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक माणूस उतरला आणि त्याने मांस सोलण्याचा लांब सुरा तिच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये खुपसला. घाव सुमारे दीड सेंटिमीटर खोल गेला. ती पुढे वाकली नसती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

तेव्हा युगोस्लाव्हियात युद्ध पेटले होते. त्यामुळे पहिला संशय राजकारणावर गेला. कोणी तरी हिला सर्ब समजून मारायला आला असेल, असे बोलले गेले. पण चौकशीत निष्पन्न झाले ते वेगळेच. हल्लेखोर ३८ वर्षांचा, पूर्वीच्या पूर्व जर्मनीतला, बेकार खरादी कामगार होता. त्याला युद्धाशी देणेघेणे नव्हते. तो स्टेफी ग्राफचा चाहता होता. सेलेस काही काळ खेळू शकू नये आणि ग्राफ पुन्हा पहिल्या क्रमांकावर यावी, यासाठी आपण हे केले असे त्याने सांगितले. मारून टाकायचे नव्हते, म्हणाला.

हे कळल्यावर अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे यात राजकारण नाही तर! कट नाही, संघटना नाही. एक माथेफिरू, फक्त चाहता!

आमचा वाद इथूनच सुरू होतो. ‘फक्त चाहता’ हा शब्दप्रयोगच आम्हाला मान्य नाही. एका माणसाच्या मोठेपणासाठी दुसऱ्या माणसाचे शरीर कापणे ज्याला योग्य वाटते, त्याच्या मनात राजकारण नाही असे कोण म्हणेल? वर कोणी राहायचे, खाली कोणी यायचे, हे खेळून ठरवायचे नाही, सुऱ्याने ठरवायचे, हेच तर सर्वांत जुने राजकारण आहे.

त्याने जे मागितले ते त्याला मिळाले

भावनेचा भाग बाजूला ठेवून हिशेब पाहू.

हल्ल्यानंतरही स्पर्धा थांबली नाही. ग्राफ रुग्णालयात जाऊन सेलेसला भेटली आणि नंतर अंतिम सामनाही खेळली, हरली. जून १९९३ मध्ये ग्राफ पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोहोचली. त्या वर्षीची फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन, तसेच जानेवारी १९९४ ची ऑस्ट्रेलियन ओपन, या चारही स्पर्धा तिने ओळीने जिंकल्या. हल्ल्यापूर्वी ग्राफची ग्रँड स्लॅम विजेतेपदे ११ होती, कारकीर्द संपली तेव्हा २२ होती. सेलेसची हल्ल्यापूर्वी आठ होती, शेवटी नऊ झाली.

आम्ही येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ग्राफचा यात काडीचाही दोष नाही. तिने कोणाला पाठवले नव्हते. ती महान खेळाडू होती आणि तिचे विजय तिच्या रॅकेटचे आहेत. उलट या भक्ताने तिचेही नुकसानच केले. आजही तिच्या २२ विजेतेपदांचा विषय निघाला की कोणी तरी ‘पण सेलेस असती तर?’ हा प्रश्न विचारतोच. जिच्यासाठी सुरा उचलला, तिच्या यशावर कायमचा डाग पाडून तो मोकळा झाला. भक्त आपल्या दैवताला कधी विचारतो का, की बाई गं, तुला हे हवे आहे का? भक्तीला दैवताची संमती लागतच नाही. दैवत हे त्याला निमित्तापुरते हवे असते.

आता न्यायालयाकडे वळू. ऑक्टोबर १९९३ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने या माणसाला गंभीर शारीरिक इजा केल्याबद्दल दोषी ठरवले. शिक्षा किती? दोन वर्षे, आणि तीही स्थगित. म्हणजे खटल्यापर्यंत कोठडीत काढलेले सुमारे सहा महिने सोडले तर तो घरी गेला. त्याची मानसिक अवस्था लक्षात घेण्यात आली. सरकारी पक्षाने अपील केले. एप्रिल १९९५ मध्ये पुन्हा तोच निकाल लागला. सेलेसने जाहीर केले की मी जर्मनीत पुन्हा खेळणार नाही, आणि तिने तो शब्द पाळला.

जबर शिक्षा दिली की समाज सुधारतो, असे आम्ही मानत नाही. आजारी माणसावर उपचार व्हावेत, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु न्याय म्हणजे केवळ आरोपीच्या मनाची तपासणी नव्हे. जिच्या पाठीत सुरा घातला तिच्या मनाचे काय, तिच्या गेलेल्या वर्षांचे काय, तिला उद्या निर्भयपणे त्याच खुर्चीत बसता येईल का, हे प्रश्न निकालात कुठे आहेत? आरोपीचा हेतू ‘मर्यादित’ होता, असे मानले तरी तो मर्यादित हेतू पूर्णपणे साध्य झाला होता. ज्या गुन्ह्याचे फळ गुन्हेगाराला रोज वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर वाचायला मिळते आणि ज्याची शिक्षा स्थगित राहते, तो गुन्हा समाजाने मनातून कितपत गुन्हा मानला, याचा विचार वाचकांनीच करावा.

सहकाऱ्यांचे हात

याहून आम्हाला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी आहे. ती एका विक्षिप्त माणसाची नाही, शहाण्यासुरत्या माणसांची आहे.

हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत रोममध्ये आघाडीच्या महिला खेळाडू जमल्या होत्या. सेलेस परत येईपर्यंत तिचा पहिला क्रमांक राखून ठेवावा का, हा प्रश्न त्यांच्यासमोर आला. उत्तर मिळाले, नको. अर्जेंटिनाची गॅब्रिएला सॅबाटिनी तटस्थ राहिली. बाकीच्यांनी विरोध केला. क्रमवारी गोठवली तर आपल्या वाट्याला येणारी बढती, मानांकन, करार सगळेच अडकणार होते. दुखापत झालेल्या इतर खेळाडूंचे क्रमांक तरी कुठे राखले जातात, हा त्यांचा युक्तिवाद असणार. वरवर पाहता बिनतोड!

पण गुडघा मुरगळणे आणि पाठीत सुरा बसणे या दोन गोष्टी सारख्या आहेत का? गुडघा मुरगळला तर तो खेळाचा भाग. सुरा क्रमांक हिसकावण्यासाठीच मारला गेला होता. त्याने सांगितले, हिचा क्रमांक जावा म्हणून मी मारले. आणि नियमाने सांगितले, बरोबर आहे, तिचा क्रमांक गेला. नियम तटस्थ होता, म्हणूनच तो हल्लेखोराच्या बाजूचा ठरला. समाजात जेव्हा एक पाय दुसऱ्याच्या मानेवर असतो तेव्हा ‘आम्ही कोणाचीच बाजू घेत नाही’ म्हणणारा कोणाची बाजू घेतो, हे आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. त्यासाठी टेनिस समजण्याची गरज नाही.

दोन वर्षांहून अधिक काळ सेलेस मैदानाबाहेर राहिली. पाठीची जखम काही आठवड्यांत भरली, पण भीती गेली नाही. त्याच काळात तिच्या वडिलांना, तिच्या पहिल्या प्रशिक्षकाला, कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. १९९८ मध्ये ते गेले. ती नैराश्यात बुडाली. अति खाण्याच्या विकाराने तिला वर्षानुवर्षे ग्रासले. पुढे तिने हे सारे स्वतःच्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले. ऑगस्ट १९९५ मध्ये ती कॅनडात परतली आणि ती स्पर्धा जिंकली. आता मात्र तिला ग्राफच्या बरोबरीने पहिला क्रमांक देण्यात आला. म्हणजे हे करता येत होते! नियमात बसत नाही, असे जे १९९३ मध्ये वाटले, ते १९९५ मध्ये बसवता आले. जानेवारी १९९६ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. ते तिचे शेवटचे ग्रँड स्लॅम. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

‘तो वेडा होता हो!’

आमच्यावर पहिला आक्षेप हाच घेतला जाईल. एका मनोरुग्णाच्या कृत्यावरून तुम्ही सगळ्या चाहत्यांना कशाला झोडपता?

याला आमची दोन उत्तरे आहेत.

एक. ‘वेडा होता’ म्हणून विषय संपवणे हा मनोरुग्णांचा अपमान आहे. मानसिक आजाराशी झुंजणारी असंख्य माणसे आपल्या आसपास आहेत. ती कोणालाही सुरा मारत नाहीत. बहुतेक वेळा तीच इतरांच्या क्रूरपणाची बळी असतात. त्याचप्रमाणे तो बेकार होता, एकाकी होता, हेही उत्तर पुरेसे नाही. पूर्व जर्मनी १९९० मध्ये पश्चिमेत विलीन झाल्यावर लक्षावधी कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. ते सगळे सुरे घेऊन टेनिस पाहायला गेले नाहीत.

दोन. माणसाचे मन बिघडते तेव्हाही ते काय पकडते, हे समाज ठरवतो. पहिला क्रमांक म्हणजे सर्वस्व, दुसरा क्रमांक म्हणजे मरण, हे त्याला कोणी शिकवले? त्याने ते आकाशातून आणले नव्हते. वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी, जाहिराती, राष्ट्राभिमान, सगळे मिळून रोज तेच सांगत होते. ‘आपली’ स्टेफी आणि तिला हरवणारी ती परकी पोरगी. सेलेस फटका मारताना आवाज करते म्हणून तिची टिंगल उडवण्यात वर्तमानपत्रे आघाडीवर होती. १९९२ च्या विम्बल्डनमध्ये तर तक्रारी इतक्या झाल्या की अंतिम सामन्यात ती गप्प खेळली आणि हरली. एका मुलीचा आवाज साऱ्या जगाला खटकतो आहे, असे वातावरण तयार केल्यावर एखाद्याला ती मुलगीच नको झाली, तर त्या वातावरणाची जबाबदारी कोणी घ्यायची? सुरा एकाचाच होता, हे खरे. पण त्याला ‘नको असलेली’ व्यक्ती दाखवून देणारे हात पुष्कळ होते.

आणि हे तेव्हाचेच होते असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुबईत चालू सामन्यात ब्रिटनची एमा राडुकानू पंचांच्या उंच खुर्चीमागे लपून रडू लागली. एक माणूस स्पर्धेमागून स्पर्धेत तिचा पाठलाग करत होता आणि तो समोर प्रेक्षकांत बसलेला तिला दिसला. हॅम्बुर्गनंतर ३२ वर्षे झाली तरी खेळाडू बाईला स्वतःच्याच मैदानावर आडोसा शोधावा लागतो. हल्ले, पाठलाग, धमक्या यांत बाई खेळाडूच वारंवार का सापडते? कारण पुरुष खेळाडूला चाहता दैवत मानतो, बाई खेळाडूला मालमत्ता मानतो. जिला टाळ्या दिल्या तिने आपले ऋण फेडले पाहिजे, असा त्याचा हिशेब असतो.

आपल्या घरात

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे सुरा अजून मैदानात उतरला नसेल, पण जीभ कधीच उतरली आहे.

२४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. संघात अकरा जण होते, पण शिव्या पडल्या मोहम्मद शमीला, त्याच्या धर्मावरून. विराट कोहली कर्णधार होता. त्याने शमीची जाहीरपणे आणि ठाम बाजू घेतली. त्यानंतर कोहलीच्या, वर्षही न झालेल्या मुलीवर बलात्काराची धमकी समाजमाध्यमावर आली. मुंबई पोलिसांनी हैदराबादहून एका तरुणाला अटक केली. तो कोण निघाला? अडाणी, उनाड, भुकेकंगाल? नाही. शिकलेला सॉफ्टवेअर अभियंता!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला. वंदना कटारियाने त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. काही महिन्यांपूर्वी वडील वारले, तेव्हा सरावामुळे ती घरी जाऊ शकली नव्हती. आणि पराभवानंतर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाचले, आणि संघात दलित फार झाले म्हणून हरलो, अशा जातिवाचक शिव्या दिल्या, अशी तक्रार कुटुंबाने केली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. फटाके फोडणाऱ्यांना देश हरल्याचे दुःख होते की वंदना हरल्याचा आनंद, याचे उत्तर त्या फटाक्यांनीच दिले. या देशात खेळाडूचा देव कोणाचा करायचा हे जातच ठरवते, आणि देव करायचा नसेल तर बळी कोणाचा द्यायचा हेही तीच ठरवते.

हॅम्बुर्गचा खरादी, हैदराबादचा अभियंता आणि आमच्या अभ्यासिकेतला मुलगा यांच्या अपराधांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते आम्ही पुसून टाकत नाही. पण तिघांच्या बोलण्यात एक वाक्य समान आहे: माझ्या माणसाच्या आड जो येईल, त्याच्याशी मी काहीही करू शकतो. हे वाक्य आले की समजावे, प्रेम संपले आणि भक्ती सुरू झाली. अशा भक्तीत तीन माणसे असतात, भक्त, दैवत आणि आड येणारा तिसरा. आपण पहिल्या दोघांबद्दल भरपूर बोलतो. तिसऱ्याच्या पाठीकडे कोणी पाहत नाही.

बाबासाहेबांनी कोणता फरक सांगितला होता?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले. हे भाषण आपण सगळे सांगतो. पण त्याआधी, १८ जानेवारी १९४३ रोजी, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेची जी फोड केली ती कमी सांगितली जाते. थोर माणसाबद्दल मनापासून आदर वाटणे ही एक गोष्ट, आणि त्याच्यापुढे आपली बुद्धी गहाण टाकणे ही अगदी वेगळी गोष्ट. पहिलीत गैर काही नाही, दुसरी घातक आहे, असा त्यांचा आशय होता.

आता कोणी म्हणेल, हे राजकारणापुरते झाले, खेळात काय बिघडते? तर खेळातलेच उदाहरण घ्या. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातून आलेले आणि आपल्या पुण्यात घडलेले महान डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. सवर्ण खेळाडू त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकत आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अधिकृतपणे कधीच मिळाले नाही. तरुण आंबेडकरांना या माणसाचा विलक्षण अभिमान होता. त्यांच्या गौरवात त्यांनी भाग घेतला. पुढे १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू विरुद्ध बाजूला गेले. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब लढले आणि जिंकले.

येथे काय दिसते? बाळूंची गोलंदाजी श्रेष्ठ होती म्हणून बाबासाहेबांनी मतदारसंघ सोडला नाही. आणि बाळू समोर उभे राहिले म्हणून त्यांच्या गोलंदाजीचे मोठेपण कमी झाले नाही. आदर आदराच्या जागी, लढाई लढाईच्या जागी, आणि तीही मतपेटीतून. चाहता असावा तर असा! ज्याचे कौतुक केले त्यालाही विरोध करता येतो, आणि ज्याला विरोध केला त्याचेही कौतुक करता येते, हे ज्याला जमते तोच मोकळा माणूस.

मग करायचे काय?

आमच्या मागण्या साध्या आहेत.

पहिली, हल्ला किंवा धमकी यांमुळे ज्या खेळाडूला मैदान सोडावे लागते, त्याचे स्थान राखणे हा त्याचा हक्क असला पाहिजे. सहकाऱ्यांच्या मर्जीचा आणि मतदानाचा तो विषय नव्हे.

दुसरी, बातमीदारांनी ‘माथेफिरू चाहता’, ‘प्रेमवेडा फॅन’ हे शब्द बंद करावेत. हल्लेखोराला हल्लेखोर म्हणावे, पाठलाग करणाऱ्याला पाठलाग करणारा. आम्ही या लेखात हॅम्बुर्गच्या त्या माणसाचे नाव एकदाही घेतलेले नाही. त्याला ज्या नावाशी आपले नाव जोडून हवे होते, ते जोडण्याचे काम आम्ही करणार नाही.

तिसरी, खेळाडूच्या आई, बहीण, बायको, लेक यांच्यावरची धमकी हा गुन्हा आहे. ‘भावनेच्या भरात’ ही पळवाट पोलिसांनीही देऊ नये आणि पालकांनीही.

चौथी मागणी आमच्या स्वतःकडेच आहे. आपल्या अभ्यासिकांत, मंडळांत, व्यायामशाळांत भक्तीची चिकित्सा झाली पाहिजे, आणि ती बाबासाहेबांच्या नावाने होणाऱ्या भक्तीपर्यंत गेली पाहिजे. फोटोपुढे नाचणारा आणि पुस्तक न उघडणारा तरुण उद्या कोणाच्याही फोटोपुढे नाचू शकतो. फोटो बदलायला वेळ लागत नाही.

त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावले. सेलेसची ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “तिला कोणीच विचारलं नाही का दादा, तुला काय वाटतं म्हणून?” आम्ही म्हणालो, “तू त्या गोलंदाजाच्या बहिणीला विचारलं होतंस का?” त्याने फोन काढला आणि तो मजकूर जिथे जिथे पाठवला होता तिथून काढून टाकायला बसला. दोन ठिकाणचा काढता आला नाही. तो पुढे गेला होता. तिथे त्याने स्वतःच्या नावाने लिहिले की हे मी लिहिले होते आणि ते चूक होते.

त्यावरही काही जण हसले असतील. हसू द्या. आम्हाला तो मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा खेळाचा खरा चाहता वाटला.